भाकरीचे व्याख्यान आणि पुरीचे ताट

2023 हे साल संयुक्त राष्ट्रसंघाने भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले, व तेही आपल्याच सरकारच्या सूचनेवरून, हे वाचकांस स्मरत असेलच. त्या वर्षी आमच्या वाशीम शहरी ज्वारी-बाजरीच्या थोरवीवर जी व्याख्याने झाली, त्यांपैकी एकास श्रोता म्हणून हजर राहण्याचा योग आम्हांस आला. वक्ते विद्वान होते. ज्वारीस पाणी किती थोडे लागते, तिच्यात लोह किती, तंतू किती, बदलत्या ऋतुमानात तीच कशी तारणार, हे त्यांनी साधार सांगितले आणि शेवटी मागील बाकांवर बसलेल्या शेतकऱ्यांकडे वळून, ‘तुम्ही पुन्हा ज्वारीकडे वळले पाहिजे’ असा कळकळीचा उपदेश केला. टाळ्या पडल्या. नंतर उपाहार झाला. ताटात पुऱ्या होत्या, पुलाव होता, भजी होती. ज्वारीचा मात्र एक दाणाही नव्हता. आमच्या शेजारी ताट घेऊन उभा असलेला मालेगाव तालुक्यातील एक ओळखीचा शेतकरी ताटाकडे पाहून म्हणाला, “सर, ज्वारी आमी पेराव, अन् पुऱ्या तुमी खाव?”

आम्ही हसलो आणि पुरीचा पुढचा घास घेतला. कारण त्या वेळी आमच्यापाशी दुसरे उत्तर नव्हते. हा लेख त्या प्रश्नाच्या पोटी लिहिला आहे. वक्त्यांचा दोष आम्ही काढीत नाही. दोष आहे तो आमच्या पांढरपेशा वर्गाचा, आणि त्या वर्गात आम्ही स्वतः पगारासह मोडतो.

प्रथम हे शेत पूर्वी कसे होते ते सांगितले पाहिजे, कारण आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी ते पाहिलेलेच नाही. वाशीमच्या काळ्या जमिनीत मृग लागला की ज्वारी पडे, परंतु एकटी पडत नसे. चार-सहा तासे ज्वारीची की एक तास तुरीचे. मधून मूग, उडीद. धुऱ्याच्या कडेने अंबाडी आणि तीळ. मूग-उडीद पोळ्याच्या सुमारास घरात येई, ज्वारी दिवाळीनंतर, तूर संक्रांतीच्या पुढे; रब्बीत जवस आणि करडई. म्हणजे एक पाऊस चुकला तरी सारे घर उपाशी पडत नसे. दाणा माणसास, कडबा बैलास, बैलाचे शेण पुन्हा त्याच जमिनीस. अंबाडीची भाजी भाकरीबरोबर आणि तिचाच वाख दोरास. जवसाचे तेल गावच्या घाणीवर निघे व पेंड गाईपुढे जाई. या व्यवस्थेत दारिद्र्य नव्हते असे म्हणण्याचा मूर्खपणा आम्ही करणार नाही. दारिद्र्य होते, उपासमार होती, व सुगीत रोज म्हणून पायलीभर ज्वारी घेणाऱ्या मजुरणीच्या पदरात काय पडे ते आम्ही लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु त्या शेतातून जे निघे ते त्या गावात खाल्ले जाई, आणि ज्या गोष्टीवर जमीन जगते ती बहुतांशी त्या जमिनीतूनच येई. एवढाच मुद्दा आम्हांस पुढे न्यावयाचा आहे.

आज त्याच जमिनीत खरिपात दूरवर एकच हिरवे गालिचे दिसते, ते सोयाबीनचे. जिल्ह्याच्या खरिपाच्या बहुतांश जमिनीवर तेच. या पिकास शिव्या देण्याची एक सोपी रीत पडली आहे, ती आम्हांस मान्य नाही. सोयाबीन शेंगवर्गीय आहे. त्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत धरतात. शंभर दिवसांत पीक हाती येते व दसरा-दिवाळीच्या तोंडावर रोख पैसा देते. ज्याच्या डोक्यावर सावकाराचे व सोसायटीचे कर्ज आहे त्याने ते का पेरू नये? खटकते ते दुसरेच. जो ते पिकवितो तो ते खात नाही. वाशीमच्या शेतकऱ्याच्या घरी सोयाबीनची भाकरी होत नाही, आमटी होत नाही. दाण्यातून निघते सुमारे अठरा-वीस टक्के तेल. उरते ती पेंड, आणि ती मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशी जाते. ज्या जिल्ह्याच्या कोठारातून पूर्वी गावाचे जेवण निघे, तो जिल्हा आता कोंबडीचे जेवण पिकवून आपले जेवण रेशनच्या दुकानातून आणतो. ते जेवण म्हणजे मुख्यत्वे गहू आणि तांदूळ. आणि ती दोन्ही धान्ये बहुतांशी परप्रांतांच्या कालव्यांवर व नलिकाकूपांवर वाढलेली.

ज्वारी गेली ती शेतकऱ्याच्या लहरीने गेली नाही. पाऊस लांबला की दाणे भरलेले कणीस काळे पडते. काळी ज्वारी बाजारात कोणी हातात धरीत नाही. 1964 नंतर आलेल्या संकरित वाणांनी उतारा वाढविला, पण भाकरीची चव घालविली आणि कडबा आखूड केला. कारंजा-मानोऱ्याकडे रोही आणि रानडुकरे उभ्या पिकात शिरतात, त्यांच्यासाठी रात्रीची जागल कोण करणार? सोंगणीस, कणसे खुडण्यास माणसे मिळत नाहीत. ही सारी खरी कारणे आहेत. परंतु यांच्या जोडीस एक कारण असे आहे की ज्याचा उल्लेख कृषिखात्याच्या अहवालात आढळत नाही, आणि ते म्हणजे आमची लाज.

होय, लाज. आमच्या आईच्या पिढीपर्यंत गव्हाची पोळी ही सणाची, पाहुण्याची वस्तू होती. नोकरी लागली, शहरात बिऱ्हाड झाले, तशी पोळी रोजची झाली आणि भाकरी ‘गावाकडची’ झाली. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला लाल मिलो रांगेत उभे राहून खावा लागला, त्याची चीड ज्यांच्या मनात बसली त्यांनी पुढे भाकरीवरही तोंड फिरविले. मिलोही ज्वारीच्याच कुळातला, पण तिकडे तो जनावरांसाठी पिकवीत. पाहुणा आला की ‘भाकरी चालेल ना?’ असे अपराध्यासारखे विचारावयाचे, मुलाच्या डब्यात भाकरी दिली तर मुलाने ती झाकून खावयाची, हे आम्ही सर्वांनी केले आहे. खेड्याने शहराकडे पाहूनच मोठेपण शिकावयाचे असते. मोठ्यांनी टाकलेले अन्न लहानांनी का धरून ठेवावे? महाराष्ट्रात 1960 च्या सुमारास साठ लाख हेक्टरांहून अधिक जमीन ज्वारीखाली होती. आज ती त्याच्या अर्ध्याहूनही फार खाली आली आहे, आणि आमच्या वऱ्हाडातील खरीप ज्वारी तर नावापुरती उरली आहे. या आकड्यात आमच्या जेवणघरातील लाजेचा वाटा किती हे कोणी मोजले नाही, म्हणून तो नाही असे होत नाही.

येथे वत्सगुल्माची एक जुनी गोष्ट आठवते. राजशेखराने आपल्या काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरीत, म्हणजे आमच्या वाशीमात, लावून दिला आहे. त्या लग्नात काय वाढले होते ते त्याने लिहिले नाही. आजच्या वाशीमातील लग्नात काय वाढतात ते मात्र आम्ही सांगू शकतो. गेल्या उन्हाळ्यातील एका मांडवात शेवया-नूडल्सचा एक गाळा होता, मैद्याच्या तीन प्रकारच्या रोट्या होत्या, पनीर दोन रसांत होते. आणि कोपऱ्यात ‘गावरान चूल’ अशी पाटी लावून, नऊवारी नेसविलेल्या एका बाईस बसवून, भाकरी थापण्याचा देखावा केला होता. लोक तिची छायाचित्रे घेत होते. जी गोष्ट घरात लाजेची झाली तिचे मांडवात प्रदर्शन व्हावे, ह्यासारखे दुर्दैव नाही.

आता तेलाकडे वळू, कारण ज्वारीच्या बाबतीत आमचा अपराध लाजेचा असेल, पण तेलाच्या बाबतीत तो सरळ खिशाचा आहे.

आपला देश जेवढे खाद्यतेल खातो त्यातील निम्म्याहून अधिक परदेशांतून येते, आणि त्यात मोठा भाग इंडोनेशिया-मलेशियाच्या ताडतेलाचा. फरसाण, बिस्किटे, हॉटेलातील तळण, रेशीमपिशवीतील ‘रिफाइंड’, सगळीकडे त्याचा संचार. हे ताड लावण्यासाठी सुमात्रा-बोर्निओची अरण्ये तोडली गेली, दलदलीतील हजारो वर्षांचा कुजका पाला उघडा पडला, आणि 2015 साली त्या पालापाचोळ्यास लागलेल्या वणव्यांनी कित्येक आठवडे आग्नेय आशियाचे आकाश काळे केले. आमच्या चिवड्यास त्या धुराचा वास येत नाही, एवढेच. 2022 च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने ताडतेलाची निर्यात बंद केली तेव्हा तीन-साडेतीन आठवड्यांत आमची गृहिणी किती घाबरली होती ते वाचकांस आठवावे. आणि जवस-तीळ-करडईची घाणी ज्या गावांतून कधीच मोडून पडली आहे, तेथे त्या घाबरण्याचा उपयोग काय, हेही पहावे.

पण याहून बोलका प्रसंग 2021 सालचा आहे. त्या वर्षीच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीनचा भाव विदर्भाच्या बाजार समित्यांत क्विंटलास दहा हजारांच्या आसपास पोहोचला. शेतकऱ्याने पहिल्यांदाच मान वर केली. लगेच ओरड झाली. कोंबडीचे खाद्य महागले, तेलाचा डबा महागला. ऑगस्टात सरकारने बारा लाख टन परदेशी पेंड आणण्यास परवानगी दिली, आणि तीही जनुक-परिवर्तित सोयाबीनची, जे सोयाबीन पेरावयास आमच्या शेतकऱ्यास कायद्याने मज्जाव आहे. पुढे ऑक्टोबरच्या मध्यावर कच्च्या खाद्यतेलांवरील मूळ आयातशुल्क शून्यावर आणले. ऑक्टोबराचा मध्य म्हणजे कोणता काळ? वाशीमच्या खळ्यावर सोयाबीन पडलेले असते तो. भाव निम्म्याच्या घरात उतरला. आम्हां शहरवासीयांची दिवाळी मात्र गोड झाली. पंधरा किलोच्या डब्यामागे थोडे पैसे वाचले आणि वर्तमानपत्रांनी ‘सणासुदीत दिलासा’ असे मथळे दिले. तो दिलासा कोणाच्या पदरातून काढून आमच्या कढईत ओतला हे विचारण्याचे कोणास सुचले नाही. आम्हांसही सुचले नव्हते. 2025 च्या मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे नेमके पेरणीच्या तोंडावर, पुन्हा कच्च्या तेलांवरील मूळ शुल्क विसावरून दहा टक्क्यांवर आणले गेले. सरकारास दोष देणे सोपे. पण सरकार आमचा आवाज ऐकते, कारण आम्ही ओरडतो तेव्हा ते ऐकू जाते. खळ्यावरचा माणूस ओरडला तर फार तर जिल्ह्याच्या पानावर दोन ओळी येतात. आणि हा जिल्हा कोणता? जुलै 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात येऊन शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी ज्या सहा जिल्ह्यांस साहाय्य जाहीर करून गेले, त्या सहांपैकी एक.

ऋतुमानाच्या प्रश्नावर आमचे सुशिक्षित मित्र म्हणतात, तो गिरण्यांचा, मोटारींचा, मोठ्या राष्ट्रांचा प्रश्न. त्यात ताटाचा काय संबंध? संबंध असा की पिकविणे, वाहणे, शिजविणे, टाकणे हा अन्नाचा सारा व्यवहार जमेस धरला, तर मनुष्यजातीच्या हातून जे उष्णता धरून ठेवणारे वायू आकाशात जातात त्यांचा सुमारे तिसरा हिस्सा यातूनच जातो. भाताच्या खाचरात साचलेल्या पाण्याखाली हवा पोहोचत नाही, तेथे मिथेन तयार होतो. शतकभराच्या हिशेबाने तो कर्बवायूच्या पंचवीसपटीहून अधिक उष्णता धरतो. युरियाचा जो अंश पिकास लागत नाही त्यातून नायट्रस ऑक्साइड निघतो. तो तर दोनशे सत्तरपटीच्या घरातला. पंजाबात जमिनीखालचे पाणी उपसून भात पिकवितात आणि शेत लवकर मोकळे व्हावे म्हणून पेंढा जाळतात. गुरांच्या रवंथातूनही मिथेन निघतो, तेव्हा आम्ही शाकाहारी, आमचा यात दोष नाही, असे म्हणत तुपाची धार सोडणाऱ्यांनीही फार निश्चिंत राहू नये. उलट ज्वारी पहा. ती मक्या-उसाच्या जातीची; थोड्या पाण्यात पुष्कळ अन्न साठविण्याची विद्या तिला उपजत आहे. पावसाने ओढ दिली तर पाने गुंडाळून मुकाट उभी राहते, आणि सर आली की पुन्हा वाढीस लागते. खाचर नको, कालवा नको.

आणि ऋतुमान बिघडले आहे हे वाशीमच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजीस जागेवर कोंब फुटले. 2023 मध्ये विदर्भात पिवळ्या मोझॅकने शेतेच्या शेते पिवळी केली. ज्याच्या शेतात चार पिके असती त्याचे त्यांतील एक गेले असते. ज्याच्या शेतात एकच होते त्याचे सर्वस्व गेले. त्याने चार पिके ठेवली नाहीत, कारण बाकीची तीन घेणारे आम्ही बाजारातून उठून गेलो होतो.

आमच्याशी वाद घालणाऱ्यांत सर्वांत खरा वाद आमच्याच घरातून आला. ‘भाकरीचे गुणगान करणाऱ्यांनी आयुष्यात किती भाकऱ्या थापल्या?’ असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. उत्तर होते, एकही नाही. गव्हाच्या कणकेत चिकटा असतो. ज्वारीच्या पिठात तो नाही, म्हणून ऊन पाण्यात मळून, एकेक थापून, लगेच तव्यावर टाकावी लागते. दहा माणसांच्या घरात ती बाई शेवटपर्यंत चुलीपुढून उठत नाही. पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी फाटते. म्हणून दर आठ-दहा दिवसांनी ताजे दळण. सहा महिने पुडक्यात टिकणारे ते पीठ नव्हे, आणि मोठ्या कंपन्यांस गहू इतका प्रिय का, याचे एक कारण आम्हांस येथेच सापडते. पण हा सारा भार बाईनेच का उचलावा? आम्ही थापावयास बसलो. पहिल्या पाच भाकऱ्यांचे नकाशे झाले, सहाव्या भाकरीस गोलाईची पुसट आठवण होती. आता रविवारच्या आम्ही करतो व घरातील मंडळी त्या सोसतात. शिवाय भाकरीच कशाला? कण्या आहेत, थालीपीठ आहे, आंबील आहे, धिरडी आहेत. त्यांस हाताचे एवढे कौशल्य लागत नाही.

दुसरा वाद पैशाचा. मधुमेह झाल्यावर वैद्याच्या सांगण्यावरून ज्वारी खाणारे आमच्या ओळखीत पुष्कळ आहेत. ते चकचकीत वेष्टनातील ज्वारीची बिस्किटे सोन्याच्या भावाने आणतात, आणि बाजारात पोत्याने ज्वारी घेताना किलोमागे दोन रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतात. 2025-26 साठी सरकारने संकरित ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलास 3699 रुपये व सोयाबीनची 5328 रुपये ठरविली. ज्या धान्यास काळे पडण्याचे भय, पाखरांचे भय, रोह्यांचे भय, त्यासच भाव कमी. अशा स्थितीत शेतकऱ्याने आमच्या प्रकृतीसाठी ज्वारी पेरावी अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याच्याकडून धर्मादाय मागणे होय.

तेव्हा आम्ही त्या मालेगावच्या शेतकऱ्याकडे गेलो आणि वर्षाची ज्वारी त्याच्याचकडून, तो सांगेल त्या भावाने घेऊ, असे सांगितले. त्याने विचारले, किती? आम्ही हिशेब करून आलो होतो. म्हणालो, तीन क्विंटल. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, तुमी तीन क्विंटल न्याल, बाकीची मी कोनाले देऊ? एका एकराची राखन अन् दोन तासायची राखन सारखीच राह्यते. रोह्यायनं खाल्लं का मंग पाखरायचं, पाखरायनं सोडलं का पान्याचं, अन् त्याच्याबी नंतर उरलं तं तुमचं.” यंदा धुऱ्यालगत घरापुरती पाच-सहा तासे टाकतो, अंबाडीही टाकतो, पण तुम्ही एकटे आहात तोवर एकर काही मोडत नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. एकर मोडावयाचा तर पंचवीस घरे हवीत, आणि ती घरे मृगापूर्वी ठरली पाहिजेत, दिवाळीत नव्हे. कारण पेरणी जूनमध्ये होते.

आम्ही महाविद्यालयात येऊन शिक्षकांच्या खोलीत कागद फिरविला. भरड धान्यांवर शोधनिबंध वाचलेल्या एका मित्राने, घरी विचारून सांगतो, असे म्हटले. एकाने भाव आधी विचारला. एका बाईंनी भाकरी येत नाही पण कण्यांसाठी पन्नास किलो लिहा, असे सांगितले. शिपायाने काही न विचारता एक क्विंटल लिहून विसारही ठेवला. सायंकाळपर्यंत सात नावे झाली. कागद अजून आमच्या खिशात आहे, आणि मृगास बावीस दिवस उरले आहेत.